पीडीएफ अर्जातला ‘न’ कुठे बिघडतो?

प्रश्न : आमच्या शेतकरी गटाचा सभासद-अर्ज पीडीएफमध्ये आहे. भरलेली माहिती एफडीएफ (पीडीएफ अर्जातील माहिती पाठवण्याची फाइल) स्वरूपात सर्व्हरवरील पीएचपी (वेबसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) स्क्रिप्टकडे येते. पोस्टचा अ‍ॅरे (फॉर्ममधून आलेली माहिती पीएचपी जिथे ठेवते ती यादी) रिकामा मिळतो, म्हणून कच्चा मजकूर वाचून मी तो यूटीएफ-१६ मधून यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत साठवण्याच्या या दोन पद्धती) बदलतो. सेलू, जिंतूर, पाथरी ही गावांची नावे नीट उमटतात. मानवतचे मात्र ‘माड़’ होते आणि पुढे ठिपके व चिनी अक्षर येते. असे का व्हावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : पोस्टचा अ‍ॅरे रिकामा असणे स्वाभाविक आहे, कारण पीएचपी तो अ‍ॅरे केवळ वेब-फॉर्मच्या नेहमीच्या स्वरूपांसाठीच भरते, कच्चा मजकूर वाचण्याचा आपला मार्ग योग्यच आहे. दोष पुढच्या पायरीत आहे.

एफडीएफमध्ये रकान्यातील मजकूर कंसात लिहिला जातो आणि देवनागरी मजकुराचे प्रत्येक चिन्ह दोन बाइटचे असते. ‘न’चे बाइट ०९ आणि २८ (हेक्स, म्हणजे सोळा-आधारी आकड्यांत). यांतील २८ हाच उघडत्या कंसाचाही संकेत असल्याने त्याच्याआधी ५सी, म्हणजे बॅकस्लॅश, घातला जातो. तो न काढता रूपांतर केले, की ०९ व ५सी मिळून ‘ड़’ होतो आणि पुढच्या सगळ्या जोड्या एका बाइटने सरकतात. सेलूत ‘न’ नाही, म्हणून ते बिघडले नाही. नांदेड आणि जालना मात्र असेच बिघडतील, आणि नामदेव, ज्ञानोबा, एकनाथ ही नावे तर आपल्याकडे घरोघरी आहेत.

तेव्हा आधी पीएचपीतील ‘स्ट्रिपसीस्लॅशेस’ या फंक्शनने बॅकस्लॅश काढावेत, मग पहिले दोन बाइट एफई-एफएफ (मजकूर यूटीएफ-१६ असल्याची खूण) आहेत का ते पाहावे, आणि असतील तरच ते वगळून उरलेला मजकूर बदलावा, इंग्रजीत भरलेल्या रकान्यांत ही खूण बहुधा नसते, त्यांना यूटीएफ-१६ समजू नये. बँक खात्याचा क्रमांक मजकूर म्हणूनच साठवावा, नाहीतर सुरुवातीची शून्ये जातात.

अर्ज नव्याने करणार असाल, तर सबमिट बटणाच्या गुणधर्मांत एक्सएफडीएफ निवडावे, असे मी आग्रहाने सुचवीन. ते एक्सएमएल (टॅग लावून मांडलेला मजकूर) असल्याने पीएचपीतील ‘सिंपलएक्सएमएल’ ते थेट वाचते आणि बाइटांची ही कसरत टळते. आधीच वाटलेले अर्ज जुन्याच पद्धतीने येत राहतील, म्हणून दोन्ही वाटा काही काळ चालू ठेवाव्यात. आलेला मूळ मजकूरही जसाच्या तसा जपून ठेवावा. आपण तो ठेवला असेल, तर ‘मानवत’सारखी बिघडलेली नावे सभासदांना पुन्हा न विचारता आजही दुरुस्त करता येतील.