सोरॉरिटीत जायचं की नाही?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजातल्या सोरॉरिटीत, म्हणजे विद्यार्थिनींच्या भगिनी-मंडळात, नाव घालू का, असं विचारलंस. आईला तो श्रीमंत पोरींचा पार्ट्यांचा क्लब वाटतो. काही ठिकाणी तो असतोही. पण 'अल्फा कप्पा अल्फा'बद्दल थोडं वाच, मग ठरव.

कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची ही अमेरिकेतली पहिली सोरॉरिटी. 15 जानेवारी 1908 रोजी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात एथेल हेजमन आणि तिच्या मैत्रिणींनी सुरू केली. 1912 साली नाव, बोधचिन्ह वगैरे बदलण्यावरून वाद झाला, 22 जणी बाहेर पडल्या आणि त्यांनी 13 जानेवारी 1913 रोजी 'डेल्टा सिग्मा थीटा' काढली. फुटून निघालेल्या मुलींनी दोन महिन्यांच्या आत, 3 मार्चला, स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात पाऊल टाकलं. भांडणाचं असंही चीज होतं!

पण मला खरी भावते ती अल्फा कप्पा अल्फाची मिसिसिपीतली आरोग्य मोहीम. प्रमुख होत्या डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी. टफ्ट्स विद्यापीठातून डॉक्टर झालेल्या या बाईंना बॉस्टनच्या रुग्णालयांनी इंटर्नशिपसाठी दारात उभं केलं नव्हतं. 1935 च्या उन्हाळ्यात त्या आणि सोरॉरिटीतल्या इतर जणी स्वतःच्या मोटारी हाकत मिसिसिपीच्या होम्स काउंटीत पोचल्या. डॉक्टर, नर्स, शिक्षिका, सगळ्या बिनपगारी. दवाखाना थाटला, पण कापसाच्या मळ्यांचे मालक वाटेकरी कुळांना तिथे जाऊ देईनात. मग याच बायका मोटारी घेऊन मळ्यांवर जाऊ लागल्या. मुलांना घटसर्प आणि देवीच्या लशी टोचायच्या, दात तपासायचे, काय खावं ते आयांना समजावायचं. मुकादम घोड्यावर बसून पहारा देत असायचे. उन्हाळ्यामागून उन्हाळे हे काम चाललं. पुढे युद्धात पेट्रोल-टायरचं रेशनिंग आलं तेव्हा थांबलं.

यातल्या बहुतेक जणींचं शिक्षण केव्हाच संपलं होतं, हे ध्यानात घे. या संघटनांत सभासदत्व जन्मभराचं. हॉवर्डमध्ये शिकताना कमला हॅरिसही याच सोरॉरिटीत आल्या होत्या. 2020 साली त्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या, तेव्हा सोरॉरिटीतल्या भगिनींनी स्थापनेच्या 1908 सालाची आठवण म्हणून 19.08 डॉलरच्या देणग्या पाठवल्या.

तेव्हा तुझ्या कॅम्पसवरच्या मुलींना पार्ट्यांचं विचारू नकोस. गेल्या वर्षी पैसा कुठे खर्च केला, डिग्री झालेल्या जणी अजून येतात का, ते विचार. उत्तर देताना चाचरल्या तर नमस्कार करून निघ. वर्गणी किती ते लेखी घे, कारण डॉलर बाबांच्या खिशातून जाणार आहेत. आणि प्रवेशाच्या नावाखाली कुणी रॅगिंग करू लागलं, रात्र रात्र जागवलं किंवा दारू पाजली, तर तडक डीनच्या ऑफिसात जा. लाजायचं नाही.

आईशी मी बोलते. तू आधी मिडटर्म उरक.

तुझी,
मावशी