रुई, नवतपा आणि रॅक: तुमचे प्रश्न

प्रश्न: आमच्या जिनिंगच्या ऑफिसात काट्याचा, कॅमेऱ्यांचा आणि हिशेबाचा असे तीन टायनी पीसी (पुस्तकाएवढे छोटे कॉम्प्युटर) टेबलावरच पडलेले असतात. हंगामात रुई आत जाऊन पंखे घरघरतात. तिन्ही एका रॅकमध्ये लावता येतील? (हिंगणघाट तालुका)

उत्तर: येतील. भिंतीवरचा ६ यू रॅक, म्हणजे उपकरणांचे ट्रे बसवायचं कपाट, घ्या. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंची. रॅक १९ इंची म्हणतात, पण दोन खांबांच्या मधे जेमतेम ४५ सेंटिमीटर जागा मिळते. टायनी पीसी साधारण १८ सेंटिमीटर रुंद, म्हणून एका ट्रेवर दोन ठेवा, तिसरा वरच्या ट्रेवर.

खरी भानगड रुईची आहे. दुकानदार छताला हवा बाहेर फेकणारे पंखे लावून देतो. मग बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत ओढली जाते आणि रुईही घेऊन येते. मी पंखा उलटा लावतो: खालून, फोमच्या जाळीतून हवा आत ढकलायची; गरम हवा वरच्या फटींतून आपोआप निघते. रुई जाळीवरच गादीसारखी साचते. हंगामात दर आठवड्याला जाळी काढून झटका.

अ‍ॅडॅप्टरांना वेगळा ट्रे द्या, मधे बोटभर अंतर ठेवा. एका पतसंस्थेत मी स्वतः चार अ‍ॅडॅप्टर झिप टायने घट्ट बांधले होते. दिसायला झकास. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, मधले दोन गेले, आणि नवे मला माझ्या खिशातून भरून द्यावे लागले.

प्रश्न: लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी अ‍ॅपलचा नवा मॅक मिनी (छोटा डबीसारखा कॉम्प्युटर) घेतला. १ यूचा ट्रे मागवला, तर बसतच नाही! (दर्यापूर)

उत्तर: बसणार नाही. जुना मॅक मिनी १९.७ सेंटिमीटर रुंद, पण उंची फक्त ३.६. २०२४चा १२.७ सेंटिमीटर चौरस झाला आणि उंची गेली ५ वर. ट्रे परत करा, २ यूची जागा धरा. पुढेमागे आणखी दोन मिनी शेजारी मावतील. चालू करायचं बटण आता तळाशी, मागच्या कोपऱ्यात आहे, तेव्हा तिथे बोट पोचेल असाच ट्रे बघा. हवाही तळातूनच खेळते, म्हणून खाली रबराची चटई घालू नका. खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं, असं अ‍ॅपल सांगतं. मे महिन्यात आपल्याकडे ते पहाटेच जमतं. दुपारी रेंडर (एडिट झालेला व्हिडिओ तयार करून काढणं) लावायचा तर एसी हवाच.

प्रश्न: सेवा केंद्रातले पीसी रॅकमध्ये लावले. लाइट गेली की इन्व्हर्टर असूनही बंद पडतात, मग दरवेळी कुलूप उघडून बटण दाबा! (पांढरकवडा)

उत्तर: इन्व्हर्टरच्या मागे बहुधा यूपीएस मोडचं बटण असतं (या मोडवर लाइट जाताच तो पटकन बॅटरीवर जातो, पीसी बंद पडत नाही), ते आधी पाहा. मग प्रत्येक पीसीच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू करा. किल्ली खुंटीवरच राहील.

प्रश्न: रॅकसमोर कूलर ठेवला तर चालेल? टिनाचं शेड आहे, पत्र्याला हात लावला तर भाजते. (वणी)

उत्तर: नको. ओली हवा आणि धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर चिखल बसतो. रॅक पत्र्यापासून जमेल तितका खाली, विटांच्या भिंतीवर घ्या. कूलर माणसांकडे वळवा.