मुलाला निवासी केंद्रात ठेवण्यापूर्वी : कोल्हापुरातील एका वडिलांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरहून आलेले तुमचे पत्र मिळाले. ओळख पटेल असे तपशील गाळून, इतर पालकांसाठी प्रश्न तेवढा मांडतो. तुमचा मुलगा पंधरा वर्षांचा असून यंदा दहावीत गेला आहे. सातवीपर्यंत वर्गात पुढे असणारा हा मुलगा गेल्या दीड वर्षात चिडखोर झाला, शाळा बुडवू लागला, दोनदा घर सोडून गेला आणि मागच्या महिन्यात मोबाइल काढून घेतल्यावरून त्याने आईवर हात उगारला. शाळेने लेखी समज दिली आहे. त्यातच एका नातेवाइकांनी परजिल्ह्यातील एका निवासी केंद्राचे माहितीपत्रक आणून दिले. त्यावर ‘वर्तन सुधारणा व व्यसनमुक्ती’ असे शब्द आहेत, मुदत सहा महिन्यांची आहे आणि पहिले तीन महिने पालकांची भेट व फोन बंद असा नियम आहे. मुलाला तेथे ठेवावे का, ठेवल्यास दहावीचे काय होईल आणि सैन्यात जाण्याच्या त्याच्या इच्छेला पुढे बाधा येईल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी तुमच्या पत्रातील एका ओळीविषयी लिहिणे मला भाग आहे. ‘डाव्या मनगटावर ब्लेडने ओढल्यासारख्या रेघा दिसल्या, विचारले तर मांजराने ओरबाडले म्हणतो,’ असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने संपूर्ण पत्रात याहून महत्त्वाचे काही नाही. किशोरवयातील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, ते चिडण्यातून, आदळआपट करण्यातून आणि घरातून निघून जाण्यातून दिसते. म्हणून हे पत्र वाचाल त्याच दिवशी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, किंवा तुमच्या विश्वासातील मनोविकारतज्ज्ञांकडे मुलाला दाखवा. वेळ रात्रीची असेल आणि काही सुचत नसेल, तर टेलीमानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालते. तुमची उसाची शेती आहे असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा तणनाशक आणि कीटकनाशकाच्या बाटल्या आजच घरातून व गोठ्यातून हलवून कुलपात ठेवा, आणि घरातील औषधे आईच्या ताब्यात द्या. मरणाचा विचार मनात येतो का, असे त्याला शांतपणे व स्पष्ट शब्दांत विचारा. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

आता केंद्राविषयी. या केंद्रात मुलाला ठेवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण त्यांचा तो भेट-फोन बंदीचा नियमच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधील कलम 87 अठरा वर्षांखालील मुलांच्या दाखल होण्याविषयी आहे. त्यानुसार दोन मनोविकारतज्ज्ञांनी, अथवा एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी, दाखल करण्याच्या दिवशी वा आधीच्या सात दिवसांत मुलाला स्वतंत्रपणे तपासावे लागते. आजार दाखल करण्याइतका गंभीर आहे, दाखल होण्यातच मुलाचे हित आहे आणि घरी राहून करता येण्याजोगे उपाय निष्फळ ठरले आहेत किंवा या मुलासाठी योग्य नाहीत, असा निष्कर्ष दोघांचा वेगवेगळा यावा लागतो. मुलांची व्यवस्था प्रौढ रुग्णांपासून वेगळी असावी लागते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या व्यक्तीने दाखल असण्याच्या संपूर्ण काळात मुलासोबत राहिलेच पाहिजे, असे कायदा सांगतो. बहात्तर तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते आणि मुक्काम तीस दिवसांपुढे गेला तर त्या मंडळाकडून फेरतपासणी होते. ज्या कायद्याने पालकाला मुलाच्या उशाशी बसवले, तो लागू असताना एखादे केंद्र तीन महिने पालकाला फाटकाबाहेर ठेवत असेल, तर ते केंद्र स्वतःला उपचारकेंद्र म्हणवू शकत नाही. ते आपण उपचार करत नसून शिस्त लावतो असे म्हणत असेल, तर ज्या मुलाच्या मनगटावर ब्लेडच्या खुणा आहेत त्याला शिस्तीच्या हवाली करणे अधिकच धोक्याचे आहे. शिवाय तुमच्या मुलाला कोणतेही व्यसन नाही, असे तुम्हीच लिहिता. व्यसनातून बाहेर येणाऱ्या मोठ्या माणसांमध्ये त्याने सहा महिने काय म्हणून काढायचे?

निवासी उपचारच वाईट असतात, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ घेऊ नका. मुलाच्या जिवाला धोका आहे, भास होत आहेत, खाणेपिणे सुटले आहे किंवा घरातील माणसे खरोखर असुरक्षित आहेत, अशा वेळी काही दिवस वा काही आठवडे रुग्णालयात राहणे आवश्यक असते आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही. सीपीआरच्या डॉक्टरांनीच दाखल करण्याचा सल्ला दिला, तर तो माना आणि सोबत राहा. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत बाल व किशोर मनोविकारांचा स्वतंत्र विभाग आहे, गुंतागुंत वाढल्यास येथील डॉक्टर तिकडे पाठवू शकतात. मात्र निवासी उपचार म्हणून जगात जे चांगले काम झाले, त्यात घराला कधी वगळलेले नाही. अमेरिकेत 1961 मध्ये निकोलस हॉब्ज या मानसशास्त्रज्ञांनी भावनिक अडचणीतील मुलांसाठी निवासी शाळांचा एक प्रकल्प सुरू केला. तेथील मुले शनिवार-रविवार आपापल्या घरी जात असत, आणि मुलगा आत असताना त्याचे घर व जुनी शाळा यांच्याशी बोलत राहणे हे एका शिक्षकाचे ठरलेले काम असे, कारण काही महिन्यांनी त्याला तेथेच परतायचे होते. त्याच देशात ‘बिघडलेल्या’ मुलांना सरळ करण्याच्या नावाखाली चाललेल्या खासगी निवासी कार्यक्रमांतील छळ आणि मृत्यू यांची दखल तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाला 2007 मध्ये घ्यावी लागली. आणखी एक धोका पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. थॉमस डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवून दिले की वर्तनाच्या तक्रारी असलेल्या किशोरांना एकत्र आणून चालवलेल्या गटांत काही मुलांचे वर्तन सुधारण्याऐवजी बिघडते, कारण ती एकमेकांच्या दांडगाईला दाद देतात.

तुमच्या नातेवाइकांनी ‘बोर्डिंगला टाका, आपोआप सरळ होईल’ असेही सुचवले आहे. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात, म्हणून येथील माणसाच्या तोंडी हा सल्ला सहज येत असावा. पण 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे जातीजातींची वसतिगृहे शाहू महाराजांनी उभी केली, ती शिकू पाहणाऱ्या खेड्यातल्या मुलाला शहरात आसरा मिळावा म्हणून. घरात न मावणाऱ्या मुलाला दूर ठेवण्यासाठी त्या जागा नव्हत्या, आणि दुखावलेल्या मुलाचा उपचार करण्याची तयारी आजच्याही सामान्य वसतिगृहात नसते.

मग घरी काय करायचे? मनोविकारतज्ज्ञांकडून निदान झाल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून बुद्धिमापन आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी अवश्य करून घ्या. सातवीपर्यंत हुशार असलेला मुलगा आठवीत अचानक मागे पडला, याची कारणे अनेक असू शकतात. अवधानाचा दोष, न ओळखलेली वाचन-लेखनाची अडचण, शाळेत होणारी मारहाण किंवा चिडवाचिडवी, कोणी केलेला लैंगिक छळ, यांपैकी काहीही असू शकते, आणि ते शोधण्याआधी ‘वळण लावणे’ हे अंधारात तीर मारण्यासारखे आहे. समुपदेशनाला फक्त मुलाला पाठवू नका. अशा उपचारात आईवडिलांनी कधी बोलावे, कधी थांबावे, कोणता नियम ठेवावा आणि कोणता सोडून द्यावा, हे पालकांना शिकवण्याचा भाग फार मोठा असतो. त्यासाठी वडिलांनीही जावे लागते, आणि ‘मला कामातून वेळ नाही, त्याची आई येईल’ हे उत्तर येथे चालत नाही, इतके मोकळेपणाने लिहितो. मोबाइल हिसकावून घेणे मात्र आजपासून बंद करा. वेळ ठरवायची असेल तर ती भांडण नसताना, त्याला समोर बसवून ठरवा.

दहावीची तुम्हाला वाटणारी धास्ती मी समजू शकतो, तरीही ती या निर्णयाच्या मध्ये येऊ देऊ नका. मुख्याध्यापकांना भेटून उपचार सुरू असल्याचे सांगा, डॉक्टरांचे पत्र द्या आणि हजेरीबाबत काय करता येईल ते विचारा. अध्ययन अक्षमता निघाली, तर प्रमाणपत्राच्या आधारे जादा वेळेसारख्या सवलती राज्य मंडळ देते. यंदा परीक्षा देण्याच्या स्थितीत तो नसेल, तर पुढच्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्गही आहे. तेथे पाच वर्षांच्या मुदतीत एकेक-दोनदोन विषय देऊन दहावी पूर्ण करता येते आणि उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण जमा राहतात. एक वर्ष उशिरा दहावी झालेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत, पुढे त्यांना त्या वर्षाबद्दल फारसे कोणी विचारत नाही.

राहिला सैन्याचा प्रश्न. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 ने दिला आहे. समुपदेशकाकडे गेल्याची नोंद पोलिसांकडे किंवा शाळेच्या दाखल्यावर जात नाही. मात्र सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत मानसिक आजार पाहिले जातात, हेही खरे, आणि त्या तपासणीत काही लपवावे असा सल्ला मी देणार नाही. मनगटावरचे वण तपासणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटत नाहीत, म्हणून उपचार टाळल्याने त्याची संधी वाचेल या भ्रमात राहू नका. अग्निवीर भरतीला किमान वय साडेसतरा लागते, आणि जनरल ड्यूटीसाठी दहावीत एकूण 45 टक्के व प्रत्येक विषयात 33 टक्के गुण लागतात. तुमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, म्हणजे बरे होण्यासाठी आणि दहावी नीट देण्यासाठी त्याच्याजवळ पुरेसा वेळ आहे. उपचारांना सहा महिने झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, त्याला घेऊन माझ्याकडे या. सैन्याबरोबर आयटीआयचे आणि पदविकेचे पर्यायही तेव्हा त्याच्याशीच बोलू. केंद्राने मागितलेली आगाऊ रक्कम मात्र भरू नका, आणि भरली असेल तर लेखी अर्ज करून परत मागा.