पाटलांची गर्दी आणि झोटेरोचा घोळ

प्रश्न : नमस्कार सर, मी यावल तालुक्यातली, केळीच्या बाजारभावावर पीएचडी चालूय. संदर्भ सगळे झोटेरोत (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर) टाकलेत, स्टाईल म्हणजे संदर्भ लिहायची पद्धत एपीएची, सातवी आवृत्ती. पण वर्डमध्ये कंसात नुसतं (पाटील, २०१८) यायला पाहिजे तिथं (एस. पाटील, २०१८) असं येतं, दुसरीकडे त्याच माणसाचं (एस. आर. पाटील, २०२०). मी वैतागून काही ठिकाणची आद्याक्षरं हाताने खोडली, ती तशीच राहिली पण बाकीच्यांत आहेतच. वरून एकच पेपर कुठं २०१९ए, कुठं २०१९बी. गाईडनी चॅप्टर परत पाठवलं. काय करू?

उत्तर : ताई, आपल्या खान्देशात दगड भिरकावला तर पाटलाला लागतो आणि चुकला तर चौधरीला, तिथं हे होणारच. झोटेरो बिघडलेलं नाहीये. एपीएचा नियमच असा आहे की दोन वेगळ्या पहिल्या लेखकांचं आडनाव एक असेल तर कंसात आद्याक्षरं द्यायची, वर्ष वेगळं असलं तरी. आता झोटेरोमधल्या तुमच्या संदर्भांच्या यादीत, म्हणजे लायब्ररीत, एका पेपरवर ‘सुनील पाटील’ असेल आणि दुसऱ्यावर ‘एस. आर. पाटील’, तर माणूस एकच हे तुम्हाला माहीत, झोटेरोला कसं कळणार? ब्राउझरमधलं झोटेरोचं बटण दाबलं की साइटवर नाव जसं टाकलंय तसंच उचलून येतं, कुठं पूर्ण, कुठं अर्धं.

म्हणून वर्डला हात लावू नका, आधी लायब्ररीत जा. सर्चमध्ये पाटील टाका, समोर येतील ते सगळे बघा, जो माणूस खरंच एक आहे त्याचं नाव सगळीकडे अक्षरशः सारखं करा, मग वर्डमध्ये झोटेरोच्या टॅबवर रिफ्रेश. आणि दोन पाटील खरंच वेगळे निघाले तर आद्याक्षरं राहू द्या, तेच बरोबर आहे, गाईडना नियम दाखवा (हे जरा बेतानं).

ए-बी चं कारण वेगळं. एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन कामं असली की ती अक्षरं लागतात, म्हणजे तो पेपर तुमच्याकडे दोनदा शिरलाय. डुप्लिकेट आयटम्समध्ये बघा, पण एक डिलीट करू नका हं, मर्ज करा, म्हणजे दोन्हींचा एक करा. डिलीट केला तर वर्डमधल्या त्या संदर्भाचा लायब्ररीशी धागा तुटतो, मग इकडे कितीही दुरुस्ती करा तिकडे पोचत नाही. आणि मैत्रिणीच्या ग्रुप लायब्ररीतून (अनेकांनी मिळून वापरायची लायब्ररी) एकदा, स्वतःच्या लायब्ररीतून एकदा असं घेतलं असेल तरी झोटेरो ते दोन वेगळे पेपर धरतं आणि डुप्लिकेटमध्ये ते दिसतही नाही, ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि शोधायला एक आख्खा रविवार गेला. तिथं वर्डमध्ये एकेक संदर्भ उघडून सगळे एकाच लायब्ररीतून घ्यावे लागतात.

राहिलं तुमचं खोडलेलं. तुम्ही खोडल्यावर झोटेरोनं विचारलं असणार की हा बदल ठेवायचा का, तुम्ही येस दाबलं, तिथंच ते गोठलं, आता रिफ्रेशनंही हलणार नाही. ते संदर्भ उडवून पुन्हा घाला. तुम्हाला वाक्यातच ‘पाटील यांच्या मते’ लिहून कंसात नुसतं वर्ष हवं असेल, तर संदर्भ उघडून त्या नावाच्या बुडबुड्यावर क्लिक करा, लेखक वगळायची खूण तिथंच आहे.

आणखी एक, तुमच्या विषयात सरकारी अहवाल भरपूर असणार. संस्थेचं नाव आडनाव-नाव अशा दोन खणांत तुटलं असेल तर शेजारच्या छोट्या बटणानं एकच खण करा, नाहीतर कृषी विभागाचं आडनाव ‘विभाग’ होऊन बसतं.

हे सगळं फाईलची कॉपी काढून मगच करा. आणि अनलिंक सायटेशन्सचं बटण मूळ फाईलवर दाबू नका भो, त्यानं सगळ्याच संदर्भांचा झोटेरोशी धागा तुटतो, ते फक्त छपाईला जायच्या कॉपीसाठी.