डबा घेऊन स्टाफरूममध्ये जा

"ताई, गेले सहा आठवडे मी डबा प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत दार लावून खाते."

साताऱ्याहून इंग्लंडात शिकवायला आलेल्या एका शिक्षिकेच्या पत्रातलं हे तिसरंच वाक्य, आणि मी तिथंच अडकले. पुढे दोन पानं मजकूर आहे. वर्गात शिरल्यावर मुलं उभी राहत नाहीत, नवऱ्याला अजून नोकरी नाही, दिवाळीला सुट्टी नाही, आई व्हिडिओ कॉलवर रडते. वाचलं मी सगळं. पण जीव त्या बंद दाराशीच घुटमळत राहिला.

अगं, तू फिजिक्स शिकवतेस ना? शेजारी आम्लांच्या बाटल्या आणि तू पोळीभाजी खातेस? साताऱ्याच्या तुझ्या शाळेत एखाद्या पोरानं प्रयोगशाळेत डबा उघडला असता, तर कान धरून बाहेर काढलं असतंस. इथं कुणी कान धरणार नाही, पण टेक्निशियननं पाहिलं तर कागदावर नोंद होईल.

तू एकटी नाहीस. २०२३ च्या फेब्रुवारीपासून भारतातल्या शिक्षकांना इंग्लंडच्या 'क्यूटीएस'साठी, म्हणजे इथल्या शिक्षकाच्या अधिकृत पात्रतेसाठी, थेट अर्ज करता यायला लागला, आणि गणित, विज्ञान, भाषा शिकवणारी आपली मंडळी या शाळांमधून दिसायला लागली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमधून डबा काही सुटत नाही. कुणी गाडीत बसून खातं, कुणी रिकाम्या वर्गात, एका सरांनी तर दुपारचं जेवणच सोडलंय. पगाराबद्दल, थंडीबद्दल मला कुणी फारसं विचारत नाही. जेवायला कुठं बसायचं, हे मात्र प्रत्येकाला विचारायचं असतं.

"पहिल्याच आठवड्यात मेथीची भाजी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली, तर एकीनं न बोलता उठून खिडकी उघडली. त्यानंतर मी तिथं पाऊल ठेवलं नाही." बरं. मला सांग, त्या बाईंचं वय काय? पन्नाशीच्या असतील तर लसणाचा काही संबंध नाही. आम्ही त्या वयाच्या बायका जानेवारीतही खिडक्या उघडतो. आणि समज, असला लसणाचा संबंध. खिडकी उघडली, वास गेला, दोन मिनिटांत सगळे विसरले. तू तेवढी सहा आठवडे धरून बसली आहेस.

स्टाफरूममध्ये चुका होतातच. मी १९९६ साली इथल्या एका शाळेत मदतनीस म्हणून लागले, तेव्हा कपाटात दिसला तो निळ्या पट्ट्यांचा मग घेतला आणि दोन आठवडे त्यातून चहा प्याले. कुणी अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या सोमवारी त्या मगाला चिठ्ठी: "हा मग सोमवारी माझा असतो. मंगळवारीही." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी येऊन रडले, तर आमचे हे म्हणाले, "अगं, तुझ्या आजीच्या सोवळ्यातल्या तांब्याला कुणी हात लावला असता तर?" तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. इथं मग सोवळ्यात असतो. केटल सगळ्यांची, फ्रिजमधलं दूध वर्गणीचं, मग मात्र ज्याचा त्याचा. आणि वर्गणीवरून आठवलं, दुधाचे पैसे कुणाकडे द्यायचे ते विचारलंस का? नसशील विचारलं. ते कुणी आपणहून सांगत नाही, पण कोण देत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आणखी एक. केटल लावलीस तर आपल्यापुरता चहा करायचा नाही. "कुणाला हवाय का?" असं मोठ्यानं विचारायचं. तुमच्या लँकेशायरकडे चहाला 'ब्रू' म्हणतात, तोच शब्द वापर. चार जण हो म्हणतील. कुणाला दूध किती, साखर किती, हे लक्षात ठेव, कारण इथं माणसांची ओळख अशीच होते. आलं किसून दहा मिनिटं उकळत बसू नकोस, मधली सुट्टी वीस मिनिटांचीसुद्धा नसते.

आता डब्यात काय न्यायचं ते ऐक, इथं मी खरंच रागावणार आहे. तू लिहितेस, "शेंगदाण्याच्या चटणीवरच माझे दिवस निघतात." शाळेच्या पत्रकात शेंगदाण्याबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचलंस का? बऱ्याच शाळांत दाणे आत आणायलाच बंदी असते. आणि आपला डबा! कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, खिचडी तर विचारूच नकोस. एका संक्रांतीला मी मोठ्या कौतुकानं तीळ-दाण्याच्या वड्या नेल्या होत्या. ऑफिसातल्या बाईंनी हातमोजे घालून डबा उचलला आणि पिशवीत बांधून माझ्या गाडीत ठेवायला लावला. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही, अस्पृश्य ठरवल्यासारखं वाटलं मला. मग एक दिवस मुलीचा खरचटलेला गुडघा धुवायला प्रथमोपचाराच्या खोलीत गेले. भिंतीवर मुलांचे फोटो लावलेले, प्रत्येकाखाली कशाची अ‍ॅलर्जी ते लिहिलेलं आणि शेजारी त्याच्या नावाचं इंजेक्शनचं पेन. त्यात सातवीतला, म्हणजे आपल्या हिशेबानं सहावीतला, माझ्याच गटातला एक गोरागोमटा पोरगा. त्याला मी रोज हाताला धरून वाचायला बसवत होते. त्या संध्याकाळी मी ऑफिसातल्या बाईंची माफी मागितली. तेव्हा मेथी ने, लसूण ने, भरीत ने, खुशाल ने. चटणी घरी खा. चुरचुरीत काहीतरी हवंच असेल तर जवसाची कर, पण तिळाचीही अ‍ॅलर्जी असते मुलांना, म्हणून तीळ घालण्याआधी विचार.

स्टाफरूमवर एवढा भर का देते? कारण सगळं काही ईमेलवर येत नाही. नववीच्या कुठल्या वर्गाला शेवटच्या तासाला प्रयोग देऊ नये, कुणाची आई आजारी आहे म्हणून तो पोरगा खिडकीबाहेर बघत बसतो, डिटेन्शन, म्हणजे पोराला थांबवून ठेवायची शिक्षा, कुठं नोंदवायचं, हे चहाच्या मगाभोवतीच कळतं. माझी नणंद बर्मिंगहॅमला गणित शिकवायची. पहिलं वर्षभर तिला वाटायचं, आपल्यालाच वर्ग आवरत नाही. मग एकदा जेवताना दोघी-तिघींनी आपापली रडगाणी गायली, तेव्हा कळलं की त्या वर्गाला सगळेच वैतागलेत.

"ते 'यू ऑल राइट?' विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत." अगं, आपल्या आळीत "काय, जेवलात का?" विचारणारा ताट वाढून द्यायला थोडाच थांबतो? तूही "यू ऑल राइट?" म्हण आणि पुढे चल. पाठदुखी सांगत बसू नकोस.

मुलं उभी राहत नाहीत, "मिस" म्हणतात. म्हणू देत. साताऱ्यात "बाई" म्हणत होती ना? मुख्याध्यापकांना नावानं हाक मारायला जीभ वळत नाही, तर काही दिवस हाक न मारता बोल. मी दोन वर्षं तसंच काढलं. नवऱ्यानं स्वयंपाक शिकायला घेतलाय, त्याचं दुःख कसलं करतेस? दिवाळी कधी हाफ टर्मच्या, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीत पडते, कधी आधी, कधी नंतर. पडली नाही तर शनिवारी फराळ करा.

शेवटी तू विचारलंस, "३१ ऑक्टोबरच्या आत राजीनामा द्यावा का?" ही तारीख तुला बरोबर पाठ आहे म्हणजे विचार रात्री होतोय. नाताळला सोडायचं तर ३१ ऑक्टोबर, ईस्टरला सोडायचं तर फेब्रुवारीअखेर, उन्हाळ्यात सोडायचं तर ३१ मे, अशा इथल्या शिक्षकांच्या मुदती असतात. तुझा व्हिसा त्याच शाळेच्या कागदावर आहे, हेही तुला ठाऊक आहे. आत्ता देऊ नकोस. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातील, डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळेल, आणि त्या मागच्या खोलीत तुला आणखी भकास वाटेल. तोवर तिथून बाहेर पड. मुदत फेब्रुवारीत परत येतेच, तेव्हा मला लिही.

सोमवारी मधल्या सुट्टीत जा. खिडकी उघडणाऱ्या बाई असतील तर त्यांनाच विचार, चहा घेणार का. आणि चहाचा मग बाजारातून नवा घेऊन जा. घरून स्टीलचा पेला नेऊ नकोस, ओठ भाजतात. मी नेला होता.