बुद्ध उदास होता का? तुझ्या मेसेजला उत्तर

जय भीम,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. दीड वाजता मोबाईल घेऊन काय करत होतास ते विचारत नाही, दिसतंयच. सगळ्या जगाच्या बातम्या वाचायच्या, झोप उडवून घ्यायची आणि मग मला लिहायचं की बुद्धपण सगळं दुःख आहे म्हणतो म्हणजे तोही निगेटिव्हच, घरचे म्हणतात पॉझिटिव्ह रहा, मी कोणाचं ऐकू.

प्रश्न येडा नाहीये. खुद्द बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेत हाच मुद्दा काढलाय, की चार आर्यसत्यं (दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबवता येतं, थांबवायचा मार्ग आहे) जशी सांगितली जातात तशी घेतली तर धम्म निराशावादी ठरतो, मग ती मूळ शिकवण की भिक्खूंनी नंतर घातलेली भर? त्या वादात मी पडत नाही, माझा तेवढा अभ्यास नाही. पण मला विचारशील तर दुसरं सत्य नीट वाच. दुःखाला कारण आहे. लोक यावरून भर्रकन पुढे जातात. अरे, कारण आहे म्हणजे ते हटवता येतं, नशिबात लिहिलंय म्हटलं की विषयच संपला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घ्यायला लाखो माणसं जमली ती काय उदास व्हायला आली होती?

आता करुणेचं. तू लिहिलंयस की बातम्या बघून रडू येतं, म्हणजे आपल्यात करुणा आहे. थांब जरा. बुद्धघोष म्हणून जुना बौद्ध पंडित होता, त्याच्या विशुद्धिमग्ग या ग्रंथात करुणेचे दोन शत्रू सांगितलेत, लांबचा म्हणजे क्रूरपणा, तो कोणीही ओळखेल, पण जवळचा शत्रू आहे शोक, आणि तो करुणेसारखाच दिसतो म्हणून फसवतो.

मी फसलोय. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी भयंकर पॉझिटिव्ह होतो, बरी होशील गं म्हणत पायाशी बसायचो, डोळे भरून यायचे, येणारे जाणारे म्हणायचे पोराचा किती जीव आहे. कूस बदलणं, पुसणं सगळं बायको करायची. ती चार दिवस माहेरी गेली आणि मी आईची पाठ एकदाही बघितली नाही, बघवायचंच नाही मला. मग चादरीला पिवळट डाग दिसला. माकडहाडावर रुपयाएवढी जखम, बेडसोर. नर्सबाई येऊन शिकवून गेल्या, दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला सुरकुती नको, पाठ कोरडी ठेवा. त्यानंतर रोज सकाळी खिडकी उघडून उजेडात पाठ बघायचो. रडू कधी थांबलं कळलंपण नाही, वेळच नव्हता.

विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली एक गोष्ट मला नंतर कळली, म्हणजे वाचलेली होती पण कळली नंतर. एका भिक्खूला हगवण लागलेली, आपल्याच घाणीत पडलेला, आणि हा आपल्या कधी उपयोगी पडला नाही म्हणून बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धाने आपल्या शिष्याला, आनंदाला पाणी आणायला लावलं. बुद्धाने पाणी ओतलं, आनंदाने धुतलं, एकाने डोक्याकडून एकाने पायाकडून धरून खाटेवर ठेवलं. मग संघाला म्हणाला, तुम्हाला इथे आई नाही बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार, आणि ज्याला माझी सेवा करायचीय त्याने आजाऱ्याची करावी. यात तो रडल्याचं कुठे नाही बघ, आणि सगळं ठीक होईल असंपण म्हणाला नाही.

तर बातम्या दिवसातून एकदाच बघ, दिवसा, बसून. आणि गेल्या महिन्यात तूच लिहिलं होतंस ना, तुमच्या मजल्यावरचे काका डायलिसिसला एकटेच रिक्षाने जातात म्हणून. किती वाजता निघतात ते, माहितीय तुला?