घरीच शिकली, आता कॉलेजात घेतील का?

होमस्कूलिंगवाले आईबाबा माझ्याकडे सल्ल्याला आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, दहावी-बारावीचं काय करायचं, पुढे कोणी उभं करेल का. साताऱ्याहून एक ताई आल्या होत्या, मुलगी साडेतेरा वर्षांची, चौथीनंतर शाळेत गेलेलीच नाही. ताई म्हणाल्या, एनआयओएसचा, म्हणजे त्या सरकारी ओपन स्कूलचा फॉर्म भरतो, पाच सोपे विषय घेऊन टाकतो, सर्टिफिकेट मिळालं म्हणजे झालं.

मी म्हटलं, थांबा जरा. मुलीला विचारलं, तुला काय करायचंय गं? लगेच म्हणाली, गुरांची डॉक्टर. गल्लीतली कुत्री, शेजारची म्हैस, सगळ्यांची हीच नर्स म्हणे :)

मग आम्ही उलटीकडून हिशोब मांडला. बीव्हीएससीला, म्हणजे गुरांच्या डॉक्टरच्या डिग्रीला, 'नीट' ही प्रवेश परीक्षा लागते, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश लागतं, शिवाय त्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण. म्हणजे दहावीलाच पेंटिंग, होम सायन्स असलं काहीतरी घेऊन मोकळं झालं तर अकरावीत सायन्स पहिल्यापासून शिकत बसायचं. एनआयओएस अडवणार नाही हो, त्यांच्याकडे चालतं, पण जीव मुलीचाच जातो. दहावीला वय १४ पूर्ण हवं आणि दहावी-बारावीत दोन वर्षांचं अंतर लागतं, त्यामुळे घाई करूनही फारसा वेळ वाचत नाही. पंधराव्या वर्षी दहावी, सतराव्या वर्षी बारावी, बसतंय बरोबर.

ताईंना खरी भीती होती ओपन स्कूलच्या सर्टिफिकेटला नीटला बसू देतात का याची. आधी यावरून बरीच वर्षं कोर्टबाजी झाली होती, आता देतात.

मला स्वतःला जास्त काळजी प्रॅक्टिकलची वाटते. घरी लॅब कुठून आणणार, म्हणून फॉर्म भरायच्या आधी एनआयओएसच्या स्टडी सेंटरला जाऊन लॅब डोळ्यांनी बघून या असं मी सगळ्यांनाच सांगते, नुसतं फोनवर 'आहे आहे' ऐकून भरू नका. आणि टीएमए, म्हणजे त्या असाइनमेंट, त्याला २० टक्के मार्क असतात, लोक शेवटच्या आठवड्यात कुठूनतरी उतरवून देतात आणि मग मार्क कमी पडले म्हणून माझ्याकडे येतात.

निघताना मुलीने हळूच विचारलं, केमिस्ट्रीत नुसतं पास झाले तर चालेल ना? म्हटलं, बाई, या चार विषयांचे मिळून ५० टक्के लागतात, बायोलॉजी कितीसं ओढणार? तोंड वाकडं केलं तिने, पण जाताना केमिस्ट्रीचं पुस्तक कुठलं घेऊ ते मात्र लिहून घेतलं.